गुंतवणूक विश्लेषण आणि पोर्टफोलिओ: रविवारच्या वर्गात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तीस वर्षं मी बँकेच्या कर्ज विभागात लोकांचे ताळेबंद वाचले. निवृत्तीनंतर दर रविवारी सकाळी पुण्यात पंधरा-वीस जणांचा वर्ग घेते. वर्ग सुटला की घरी पोहोचेपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर प्रश्न आलेले असतात आणि त्यांतले निम्मे तरी मागच्या तुकडीनेही विचारलेले असतात. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत. अमुक शेअर घ्या, तमुक विका, हे इथे मिळणार नाही. मी नोंदणीकृत सल्लागार नाही, आणि असते तरी तुमची वही बघितल्याशिवाय बोलले नसते. कराबद्दल जिथे लिहिलं आहे तिथे २३ जुलै २०२४ पासूनचे दर धरले आहेत.

१. गुंतवणूक विश्लेषण आणि पोर्टफोलिओ व्यवस्थापन हे दोन वेगळे विषय आहेत का?

हो. विश्लेषण म्हणजे एका वस्तूची पारख: ही कंपनी, हा रोखा (बाँड), हा फंड कसा आहे आणि मागितलेली किंमत रास्त आहे का. पोर्टफोलिओमध्ये, म्हणजे तुमच्या सगळ्या गुंतवणुकांच्या संचात, प्रश्न बदलतो: तुमच्याकडे आधीच जे आहे त्याच्यासोबत ही वस्तू कशी वागेल? मीठ कितीही उत्तम असो, किती घालायचं ते आमटी बघून ठरतं.

हे गणितात मांडलं अर्थतज्ज्ञ हॅरी मार्कोविट्झ यांनी, १९५२ साली. त्याआधीही लोक 'सगळं एका जागी ठेवू नका' म्हणत होतेच. पण एकेका शेअरच्या जोखमीपेक्षा ते शेअर एकमेकांसोबत किती हलतात हे महत्त्वाचं, हे त्यांनी सूत्रात दाखवलं. १९९० चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना विल्यम शार्प आणि मर्टन मिलर यांच्यासोबत विभागून मिळालं. आम्ही वर्गात विश्लेषणावर जास्त तास घालवतो, कारण लोकांना ते आवडतं. पैसे मात्र बहुतेकांचे पोर्टफोलिओच्या चुकीने जातात.

२. माझं गणित कच्चं आहे. जमेल का?

टक्केवारी, चक्रवाढ व्याज आणि सरासरी येत असेल तर जमेल. बाकीचं एक्सेल करतं. तोंडी हिशेबासाठी ७२ चा नियम पुरे: ७२ ला व्याजदराने भागा, तितक्या वर्षांत पैसे दुप्पट. ६ टक्क्यांनी १२ वर्षं, १२ टक्क्यांनी ६.

३. सुरुवात कुठून करू? आधी कोणत्या कंपनीचा अभ्यास करू?

कंपनी राहू द्या. आधी एका वहीच्या पानावर घरात काय काय आहे ते लिहा.

वर्गातल्या एका शिक्षक दांपत्याचं पान सांगते. ओळख पटू नये म्हणून आकडे थोडे बदलले आहेत. निळ्या शाईत, समास आखून लिहिलेलं: राहतं घर. एका नागरी सहकारी बँकेत ११ लाखांच्या एफडी, सगळ्या सरांच्या एकट्याच्या नावावर. पीपीएफ ९ लाख. सहा म्युच्युअल फंड मिळून ८ लाख. तीन जुन्या विमा पॉलिसी, त्यांची रक्कम लिहिलेली नाही, फक्त हप्त्याच्या तारखा. आणि सगळ्यात खाली एका कंपनीचे ४० हजारांचे शेअर.

सरांचा प्रश्न त्या ४० हजारांबद्दल होता: ठेवू की विकू? घर आणि पॉलिसी सोडून बेरीज २८ लाख ४० हजार. त्यात हे शेअर दीड टक्काही नाहीत. ते शून्य झाले असते तरी सरांचं म्हातारपण बदललं नसतं. इकडे जवळपास ३९ टक्के पैसे एकाच बँकेत, एकाच नावावर होते, आणि त्याबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही. त्या एफडीचं काय झालं ते प्रश्न ६ मध्ये, सहा फंडांचं प्रश्न ८ मध्ये.

४. पॉलिसीत १० लाख भरले, १८ लाख हातात आले. म्हणजे ८० टक्के फायदा ना?

किती वर्षांत, ते विचारल्याशिवाय ८० टक्क्यांना अर्थ नाही. तुम्ही दर वर्षाच्या सुरुवातीला ५० हजार याप्रमाणे २० वर्षं भरले आणि विसाव्या वर्षाच्या शेवटी १८ लाख मिळाले असतील, तर परतावा येतो वर्षाला साधारण ५.३ टक्के. पीपीएफचा दर एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के आहे, आणि त्याआधी तो याहून जास्तच होता.

हे काढायला एक्सेलमध्ये एक्सआयआरआर नावाचं सूत्र आहे. एका रकान्यात तारखा, शेजारी रकमा. गेलेले पैसे उणे चिन्हाने, आलेले अधिक चिन्हाने. पाच मिनिटांचं काम आहे. मी प्रत्येक तुकडीकडून पहिल्याच आठवड्यात त्यांच्या सगळ्यात जुन्या पॉलिसीवर हे करून घेते. त्या दिवशी वर्ग जरा शांत असतो.

५. एसआयपीला वर्ष झालं. फंड १२ टक्के देतो म्हणाले, मला ६ च दिसतात. बंद करू?

हा आकड्याच्या मांडणीचा घोळ आहे. एसआयपी म्हणजे फंडात दर महिन्याचा ठरलेला हप्ता. तुम्ही दरमहा १० हजार भरलेत. पहिला हप्ता वर्षभर कामाला लागला, शेवटचा जेमतेम महिनाभर. वर्षाला १२ टक्क्यांनीच वाढ झाली असती तरी भरलेल्या १ लाख २० हजारांचे सुमारे १ लाख २७ हजार ६०० दिसले असते, म्हणजे ६.४ टक्के. एक्सआयआरआर (प्रश्न ४) काढून बघा. आणि शेअरच्या फंडाबद्दल एका वर्षाच्या आकड्यावरून काहीच ठरवू नका, तो चांगला असला तरीही.

६. एफडीत तोटा होतच नाही. मग धोका कसला?

दोन धोके. पहिला हळूहळू खातो. ७ टक्क्यांची एफडी, तुम्ही ३० टक्क्यांच्या कर-टप्प्यात. उपकर धरून ३१.२ टक्के कर गेला की हातात ४.८ टक्के. रिझर्व्ह बँकेचं महागाईचं लक्ष्यच ४ टक्के आहे, वर-खाली २ टक्क्यांची मुभा. महागाई ५ वर राहिली तर तुमच्या पैशांची खरेदीची ताकद दर वर्षी किंचित कमी होते, आणि पासबुकात मात्र वाढ दिसते.

दुसरा धोका एका रात्रीत येतो. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी या सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदारांना फक्त १,००० रुपये काढता येत होते. ठेवविम्याची मर्यादा तेव्हा १ लाख होती, फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख झाली. ही मर्यादा एका बँकेत एका ठेवीदारामागे आहे, मुद्दल आणि व्याज मिळून. एकाच नावावर दहा पावत्या केल्या किंवा त्याच बँकेच्या चार शाखांत ठेवल्या तरी बेरीज एकत्रच होते. आमच्या सरांचे ६ लाख असे विम्याबाहेर होते. त्यांनी मुदत संपेल तसतशा पावत्या दोन बँकांत आणि बाईंच्या नावावर वळवल्या. एवढं एक काम त्या ४० हजारांच्या शेअरवर वर्षभर केलेल्या अभ्यासापेक्षा मोलाचं होतं.

७. जोखीम मोजतात कशी? स्टँडर्ड डेव्हिएशन, बीटा, शार्प रेशो... सगळं डोक्यावरून जातं.

स्टँडर्ड डेव्हिएशन म्हणजे परतावा सरासरीपासून किती भरकटतो. बीटा म्हणजे बाजार १ टक्का हलला तर तुमची वस्तू सरासरी किती हलते: १.२ म्हणजे १.२ टक्के. शार्प रेशो म्हणजे घेतलेल्या प्रत्येक धक्क्यामागे बिनजोखमीच्या व्याजापेक्षा किती जास्त मिळालं. एका फंडाने १४ टक्के दिले, भरकट २० टक्के. दुसऱ्याने १२ टक्के, भरकट १२. बिनजोखमीचं व्याज ७ धरा. पहिल्याचा शार्प (१४−७)÷२० म्हणजे ०.३५, दुसऱ्याचा (१२−७)÷१२ म्हणजे ०.४२. कमी परताव्याचा फंड इथे जास्त कसबी निघाला.

पण मला विचाराल तर पहिल्यांदा एकच आकडा बघा: शिखरापासून तळापर्यंत किती पडलं होतं? जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१ हजारांवर पोहोचला होता, ९ मार्च २००९ ला ८,१६० वर बंद झाला. घसरण सुमारे ६१ टक्के. तिथून मूळ जागी यायला १५७ टक्के चढायला लागतं. ५० टक्के पडलं तर १०० टक्के चढ. उतरणीचा आणि चढणीचा हिशेब सारखा नसतो, हे कोणत्याही गुणोत्तरापेक्षा आधी अंगात मुरलं पाहिजे.

माझी स्वतःची शिकवणी त्याच काळातली. जानेवारी २००८ मध्ये एका बांधकाम कंपनीचे शेअर घेतले, तेही ऑफिसातल्या जेवणाच्या टेबलावर ऐकून. दिवसभर दुसऱ्यांचे ताळेबंद फाडून बघणाऱ्या बाईने त्या कंपनीचा ताळेबंद उघडलाही नव्हता. ९० टक्क्यांहून जास्त गेले. ते अजून डीमॅटमध्ये आहेत, वर्गात दाखवायला.

म्युच्युअल फंडांच्या जोखीम-मापकावर फार विसंबू नका. त्यात सहा पायऱ्या आहेत, पण शेअरचे बहुतेक फंड 'अति उच्च' या एकाच पायरीवर बसतात. त्यांची आपसांत तुलना त्यातून होत नाही.

८. माझ्याकडे सहा म्युच्युअल फंड आहेत. विविधता झाली ना?

नावांची झाली. आता प्रत्येक फंडाच्या मासिक माहितीपत्रकातून पहिल्या दहा कंपन्या लिहून काढा. सरांच्या सहा फंडांपैकी चार लार्ज कॅप होते. सेबीच्या (शेअर बाजाराची नियामक संस्था) २०१७ च्या वर्गवारीनुसार लार्ज कॅप म्हणजे बाजारमूल्याने पहिल्या १०० कंपन्या, १०१ ते २५० मिड कॅप, पुढच्या सगळ्या स्मॉल कॅप. लार्ज कॅप फंडाला किमान ८० टक्के पैसे त्या शंभरातच घालावे लागतात. मग चार व्यवस्थापक वेगळं काय घेणार? चारही यादींत वरच्या ओळी त्याच: मोठ्या खासगी बँका, रिलायन्स, इन्फोसिस. निफ्टी या ५० मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकातच वित्तीय कंपन्यांचा वाटा एक तृतीयांशाच्या आसपास असतो. सरांची एफडी सहकारी बँकेत आणि फंडांतले पैसे खासगी बँकांच्या शेअरमध्ये. घर सगळं बँकांवर उभं.

९. दोन गोष्टी एकत्र ठेवल्याने जोखीम कमी होते म्हणजे नेमकं काय होतं? आकड्यांत सांगा.

दोन गुंतवणुका घ्या. दोघींची भरकट (प्रश्न ७) २० टक्के, पैसे निम्मे-निम्मे. दोन्ही पावलाला पाऊल लावून चालत असतील, म्हणजे कोरिलेशन १ असेल, तर एकत्र भरकटही २० टक्केच. कोरिलेशन ०.५ असेल तर १७.३. शून्य असेल, म्हणजे एकीचा दुसरीशी संबंधच नसेल, तर १४.१. अपेक्षित परतावा तिन्ही वेळा तोच. मार्कोविट्झची सगळी करामत या तीन आकड्यांत आहे.

मेख अशी की कोरिलेशन स्थिर नसतं. एरवी आपापल्या वाटेने जाणाऱ्या गोष्टी घबराटीत एकदम पडतात. मार्च २०२० मध्ये सेन्सेक्स २५,९८१ पर्यंत आला, त्या दिवसांत काही काळ सोनंही विकलं जात होतं, कारण लोकांना रोख हवी होती. म्हणून सहा महिन्यांचा घरखर्च बचत खात्यात किंवा लिक्विड फंडात (अगदी थोड्या मुदतीच्या रोख्यांचा फंड) ठेवा असं मी सांगते. त्या पैशांना परतावा नाही म्हणून कुरकुर करू नका.

१०. वार्षिक अहवाल चारशे पानांचा असतो. त्यातलं काय वाचू?

मागून वाचा. अध्यक्षांचं पत्र आणि सुरुवातीचे रंगीत फोटो शेवटी, वेळ उरला तर.

पहिलं, लेखापरीक्षकाचा अहवाल. 'या मुद्द्याकडे लक्ष वेधतो' अशा अर्थाचा परिच्छेद आहे का? त्याच्या परिशिष्टात एक जागा मी हमखास बघते. लेखापरीक्षकाने काय काय लिहायचं ते ठरवणाऱ्या २०२० च्या सरकारी आदेशानुसार, कंपनीने बँकेकडून ५ कोटींहून जास्त खेळतं भांडवल मंजूर करून घेतलं असेल तर बँकेला दर तिमाहीला दिलेली मालसाठ्याची विवरणं कंपनीच्या पुस्तकांशी जुळतात का, ते लेखापरीक्षकाला लिहावं लागतं. बँकेला एक आकडा आणि पुस्तकात दुसरा असेल तर पुढची पानं उलटायची गरज नाही.

दुसरं, रोख प्रवाहाचं पत्रक. पाच वर्षांचा निव्वळ नफा एका ओळीत लिहा, त्याखाली धंद्यातून आलेली रोख. बेरजा करा. नफा १०० आणि रोख ४० असेल तर उरलेले ६० कुठे अडकले? बहुधा उधारीत किंवा गोदामात. विक्री १० टक्के वाढली आणि येणी (गिऱ्हाइकांकडून यायचे पैसे) ४० टक्के वाढली, तर माल गिऱ्हाइकाकडे न जाता वितरकाच्या गाळ्यात पडून असण्याची शक्यता दाट.

मग टिपा: संबंधित व्यक्तींशी व्यवहार, संभाव्य देणी, हमीपत्रं. प्रवर्तकांनी (कंपनी उभारणारे मुख्य मालक) शेअर गहाण ठेवलेत का, ते अहवालाऐवजी एक्स्चेंजच्या संकेतस्थळावरच्या तिमाही शेअरधारणेत ताजं मिळतं. आणि आकडे एकत्रित हिशेबाचे घ्या. मूळ कंपनी गोंडस आणि कर्ज सगळं उपकंपनीत, हा खेळ जुना आहे.

नोकरीत एक पाइप बनवणारा कारखाना बघितला होता. उलाढाल तीन वर्षं चढती, कागद चोख. मी विजेची बिलं मागवली. युनिट दरवर्षी कमी होत होते. उत्पादन वाढलं आणि वीज कमी लागली, हे यंत्रं बदलल्याशिवाय होत नाही, आणि यंत्रं तीच होती. शेअर घेणाऱ्याला विजेची बिलं मिळत नाहीत, पण उत्पादनाचे टन, कामगारांची संख्या, वीज-इंधनाचा खर्च अहवालात बहुतेकदा असतो. एका आकड्याला दुसऱ्या आकड्याची साक्ष काढायची सवय लावा.

११. एवढं सगळं बघूनही फसवणूक झाली तर?

होऊ शकते. ७ जानेवारी २००९ ला सत्यम या आयटी कंपनीच्या अध्यक्षांनी स्वतःच पत्र लिहून कबूल केलं की ताळेबंदातली ५,०४० कोटींची रोख अस्तित्वातच नाही. इथे तर प्रश्न १० मधली 'रोख बघा' ही कसोटीच खोटी पाडली होती. खूण दुसरीकडे होती: तीनच आठवड्यांपूर्वी, डिसेंबर २००८ मध्ये, प्रवर्तक कुटुंबाच्याच दोन कंपन्या १.६ अब्ज डॉलरला विकत घ्यायचा ठराव संचालक मंडळाने केला होता आणि भागधारकांच्या ओरड्यामुळे काही तासांत मागे घेतला. विश्लेषण इथे थांबतं आणि पोर्टफोलिओ कामाला येतो. एका कंपनीत ५ टक्क्यांहून जास्त पैसे नसतील तर अशी कबुली वाचून चहा कडू होतो, संसार बुडत नाही.

१२. पीई कमी म्हणजे शेअर स्वस्त ना?

शेअरची किंमत भागिले प्रतिशेअर नफा म्हणजे पीई. खालचा आकडा, म्हणजे नफा, टिकाऊ असेल तरच त्याला अर्थ. पोलाद, साखर, सिमेंट अशा चक्री धंद्यांत नफा शिखरावर असतो तेव्हाच पीई सगळ्यात कमी दिसतो, आणि लोक 'स्वस्त' म्हणून घेतात. पुढच्या वर्षी नफा निम्मा झाला की तोच शेअर त्याच भावाला दुप्पट महाग. कंपनीने जमीन विकून एका वर्षी नफा फुगवला असेल तरी हेच. बँकांसाठी पीईपेक्षा पुस्तकी मूल्याशी (मालमत्ता वजा देणी) तुलना बरी, आणि तीही बुडीत कर्जं बघून.

१३. निफ्टीचा पीई २०२१ च्या मार्च-एप्रिलमध्ये एकदम घसरलेला दिसतो. बाजार तर पडला नव्हता!

बरोबर पकडलंत. ३१ मार्च २०२१ पासून एनएसईने (राष्ट्रीय शेअर बाजार) हिशेबाची पद्धत बदलली. तोवर फक्त मूळ कंपनीचा नफा धरत, तेव्हापासून उपकंपन्यांसह एकत्रित नफा धरतात. त्यामुळे आजच्या पीईची २०१५ च्या पीईशी तुलना करून 'बाजार स्वस्त आहे' म्हणणारे आलेख सरळ बाजूला ठेवा.

१४. शेअरची 'खरी किंमत' काढतात, ती कशी?

देवगडात हापूसची बाग विकाऊ आहे समजा. खर्च जाऊन पुढच्या वर्षी १ लाख हातात येतील, पुढे दर वर्षी ४ टक्के वाढ. अवकाळी पाऊस, तुडतुडे हे सगळं धरून तुम्हाला १२ टक्के परतावा हवा. मग बागेची किंमत १ लाख भागिले (१२−४) टक्के, म्हणजे साडेबारा लाख. आता वाढ ४ ऐवजी ६ टक्के धरा: १६ लाख ६७ हजार. झाडं तीच, जमीन तीच, तुमच्या एका अंदाजाने किंमत ३३ टक्के वाढली.

कंपनीचंही असंच काढतात, फक्त सुरुवातीची काही वर्षं सुटी मांडतात. म्हणून कोणी 'खरी किंमत १,४३७ रुपये' असं सांगितलं तर हसू येतं. पट्टा काढा: बाग साडेबारा ते साडेसोळा लाखांची. मालक अकरा मागत असेल तर बोला, वीस मागत असेल तर आंबे विकत घेऊन खा.

१५. शेअर किती आणि व्याजाचं किती? '१०० वजा वय' बरोबर आहे का?

१०० मधून वय वजा करा, तेवढे टक्के शेअरमध्ये, असा तो नियम. सोपं आहे म्हणून टिकलं आहे. पण ते तुमचं उत्पन्न विचारत नाही. १ नोव्हेंबर २००५ च्या आधी राज्य सरकारी नोकरीत लागलेल्या माणसाला जुनी पेन्शन आहे, ती म्हणजे महागाई भत्त्यासह आयुष्यभर चालणारा रोखाच. साठाव्या वर्षीही त्याला बऱ्यापैकी शेअर झेपतात. उलट तिशीतला ऊस उत्पादक, पाऊस आणि कारखान्याच्या हप्त्यावर अवलंबून: त्याचा व्यवसायच चढउताराचा, मग बचतही तशीच कशाला? आधी 'हे पैसे केव्हा लागणार' ते लिहा. पाच वर्षांच्या आत लागणारे पैसे शेअरमध्ये नकोत. मग मागच्या मोठ्या घसरणीत (प्रश्न ७) तुम्ही काय केलं होतंत ते आठवा, काय करीन असं वाटतं ते नव्हे.

१६. रीबॅलन्सिंग म्हणजे काय, आणि त्यात कर नाही का लागत?

ठरवलेलं प्रमाण बिघडलं की ते पुन्हा जुळवणं म्हणजे रीबॅलन्सिंग. १० लाख, ६० टक्के शेअर, ४० टक्के व्याजाचं. वर्षभरात शेअर ३० टक्के पडले: ६ चे ४.२ लाख. व्याजाकडचे ४ चे ४.२८. एकूण ८.४८, शेअरचा वाटा उरला साडेएकोणपन्नास टक्के. ठरलेले ६० करायला सुमारे ८९ हजार व्याजाकडून शेअरकडे न्यायचे. म्हणजे सगळे विकत असताना घ्यायचं. कागदावर सोपं, प्रत्यक्षात हात थरथरतो, म्हणूनच तारीख आधी ठरवायची. आमच्या वर्गात बरेच जण पाडव्याला वही उघडतात. वाटा ५ टक्क्यांपेक्षा कमी हलला असेल तर काही करू नका.

कर लागतो. शेअर व शेअरच्या फंडांवर वर्षभरानंतरच्या नफ्याला १२.५ टक्के, पण आर्थिक वर्षात पहिल्या सव्वा लाखाच्या नफ्यावर नाही. वर्षाच्या आत विकलं तर २० टक्के. १ एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या डेट फंडांचा (रोख्यांत पैसे घालणारे फंड) नफा थेट तुमच्या उत्पन्नात मिळतो. म्हणून विकण्याआधी नवे पैसे कमी पडलेल्या बाजूला वळवून बघा. पगारदारांचं काम बऱ्याचदा तेवढ्याने भागतं.

१७. दुसरा फ्लॅट आणि सोनं पोर्टफोलिओत धरायचं का?

राहतं घर नाही. दुसरा फ्लॅट हो, पण खऱ्या आकड्यांनी. १ कोटीच्या फ्लॅटचं भाडं २५ हजार म्हणजे वर्षाला ३ टक्के. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स, महापालिकेचा कर आणि भाडेकरू बदलताना रिकामा जाणारा महिना वजा करा. शिवाय त्यातली एक खोली विकता येत नाही.

दागिने धरू नका, घरातलं कोणी ते विकू देणार नाही. नाणी, गोल्ड ईटीएफ (बाजारात शेअरसारखा विकला जाणारा सोन्याचा फंड), सुवर्णरोखे धरा. आणि 'सोनं कधी पडत नाही' म्हणणाऱ्याला २०१२ चे भाव दाखवा: तेव्हा दहा ग्रॅमला ३२ हजारांच्या आसपास, २०१५ मध्ये २५ हजारांच्या घरात, पुन्हा ३२ दिसायला २०१८-१९ उजाडलं.

१८. मी आयटीत आहे, कंपनीचे शेअर पगारासोबत मिळतात. ते ठेवू ना?

पगार त्या कंपनीचा, गृहकर्जाचा हप्ता त्या पगारातून, बचतही त्याच कंपनीत. कंपनीला खोकला झाला तर तिन्ही एकदम आजारी. प्रश्न ९ मधलं कोरिलेशन १ असं दिसतं. स्वतःला एकच विचारा: हे शेअर मिळाले नसते आणि तेवढी रोख हातात आली असती, तर आज याच कंपनीचे घेतले असते का?

१९. डायरेक्ट प्लॅन की रेग्युलर? एका टक्क्याने काय होतं?

डायरेक्टमध्ये वितरक नसतो, म्हणून त्याचं कमिशन वाचतं; रेग्युलरमध्ये ते द्यावं लागतं. १ लाख, २० वर्षं. १२ टक्क्यांनी ९.६५ लाख, ११ टक्क्यांनी ८.०६. दीड लाखाहून जास्त फरक, म्हणजे मूळ मुद्दलाच्या दीडपट. डायरेक्ट प्लॅन १ जानेवारी २०१३ पासून आहेत. मात्र तुमचा वितरक २०२० च्या घसरणीत तुम्हाला विकू न देण्याइतका खमक्या असेल तर त्याचं कमिशन वसूल झालं, हेही खरं.

२०. एफ अँड ओ शिकवता का?

नाही. एफ अँड ओ म्हणजे फ्युचर्स आणि ऑप्शन्स, पुढच्या भावावरचे सौदे. सेबीच्या पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत त्यात ९३ टक्के वैयक्तिक व्यापाऱ्यांना तोटा झाला, सरासरी माणशी २ लाखांच्या घरात.

२१. पीएमएस घ्यावी का? आणि सल्लागार खरा आहे हे कसं ओळखायचं?

पीएमएस म्हणजे व्यवस्थापकाने तुमच्या नावावरचा पोर्टफोलिओ सांभाळायची सेवा. तिला किमान ५० लाख लागतात. घेण्याआधी शुल्क आणि कर वजा करून उरलेला परतावा मागा आणि तो लाभांशासहच्या निर्देशांकाशी ताडून बघा. टीव्हीवर दिसतो तो निफ्टी लाभांश धरत नाही, त्याला हरवणं सोपं असतं.

सल्लागाराचा नोंदणी क्रमांक मागा. गुंतवणूक सल्लागाराचा 'आयएनए'ने सुरू होतो, संशोधन विश्लेषकाचा 'आयएनएच'ने. तो त्याच्या फोटोवरून न वाचता सेबीच्या संकेतस्थळावर स्वतः शोधा. टेलिग्रामच्या गटात नफ्याचे स्क्रीनशॉट टाकणारा माणूस सल्लागार नसतो. हमखास परताव्याची भाषा आली की उठा.

२२. यात प्रमाणपत्र घ्यायचं असेल तर?

करिअरसाठी हवं असेल तर सेबीनेच स्थापन केलेल्या एनआयएसएम या प्रशिक्षण संस्थेच्या परीक्षा बघा. तिचं आवार आपल्याच रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला आहे. संशोधन विश्लेषकासाठी मालिका १५, सल्लागारासाठी १०-अ आणि १०-ब. सीएफए ही आंतरराष्ट्रीय परीक्षा तीन टप्प्यांची, इंग्रजीतली आणि खर्चिक, पूर्णवेळ याच क्षेत्रात जायचं असेल तर. स्वतःचे पैसे सांभाळायला यांतलं काहीच लागत नाही.

२३. मुलगा अमेरिकेत नोकरी करतो. त्याच्या नावाने इथे एसआयपी चालू ठेवू का?

थांबा. दोन गोष्टी आहेत. तो अनिवासी झाला की जुनं बचत खातं एनआरओ (अनिवासींचं रुपयांतलं खातं) करावं लागतं आणि केवायसीत दर्जा बदलावा लागतो. हे बहुतेक घरांत राहून गेलेलं असतं.

दुसरी जास्त टोचणारी. अमेरिकेचा करदाता असेल तर भारतातले म्युच्युअल फंड तिथल्या कायद्यात 'पीएफआयसी', म्हणजे एका खास प्रकारची परदेशी गुंतवणूक कंपनी, ठरतात. प्रत्येक फंडासाठी ८६२१ क्रमांकाचा वेगळा फॉर्म, आणि कराची आकारणी अशी की इथली करसवलत तिथे उपयोगाची नाही. शिवाय काही फंड कंपन्या अमेरिका-कॅनडातल्या रहिवाशांचे पैसे घेतच नाहीत. तिथल्या करतज्ज्ञाला विचारल्याशिवाय नवा हप्ता नको. लंडन किंवा दुबईतल्या मुलांचे नियम वेगळे, हे उत्तर त्यांना लावू नका.

२४. नातीच्या नावाने फंड घेतला. ती आठ वर्षांची आहे, म्हणजे कर नाही ना?

अठरा पूर्ण होईपर्यंत तिचं हे उत्पन्न आई-वडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्यात मिळवतात, पैसे आजीने दिलेले असले तरी. तोवर विकलं नाहीत तर प्रश्न उठत नाही. अठराव्या वाढदिवशी मात्र तिची स्वतःची केवायसी होईपर्यंत त्या फोलिओतले (फंडातलं तिचं खातं) व्यवहार थांबतात, आणि कॉलेजची फी नेमकी त्याच महिन्यात असते. पॅन आणि बँक खातं आधीच तयार ठेवा.

२५. भावाच्या फंडात नॉमिनी म्हणून माझं नाव आहे. तो गेला. आता ते पैसे माझेच ना?

पैसे तुमच्या हातात येतील, पण तुमचे होतीलच असं नाही. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल कायम ठेवत सांगितलं की शेअर आणि फंडांच्या बाबतीतही नॉमिनी हा मालक ठरत नाही, वारसा मृत्युपत्राप्रमाणे किंवा वारसाहक्क कायद्याप्रमाणेच जातो. वहिनी आणि मुलं असतील तर तुम्ही त्यांच्या वतीने सांभाळणारे आहात. रक्कम आली की वेगळ्या खात्यात ठेवा, आणि तेराव्यानंतर वहिनींसोबत बसून भावाची वही उघडा.